शाळेचा नियम आणि आईची सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी काही वक्ती नव्हे. १९८२ ते २०१७ अशी पस्तीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात शिकवले, शेवटची काही वर्षे मुख्याध्यापिका म्हणून काम पाहिले. तेव्हा बोलण्याची सवय आहे. परंतु ती फळ्यासमोरची. समोरच्या बाकावर आपल्याएवढ्या वयाच्या विद्यार्थिनी मला प्रथमच मिळत आहेत. चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे.

कार्यवाहबाई आमंत्रण द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, आमच्या बहुतेक सभासदांची मुले, नातवंडे हायस्कुलात जातात. शाळेचे नियम, सवलती, शाळेच्या अपेक्षा यांवर काही सांगा." मी मनात म्हटले, विषय अगदी कोरडा आहे. नियम ऐकायला का कोणी सणासारखे नटूनथटून येते! पुढे विचार करता करता लक्षात आले, की माझ्या नोकरीतील सर्वांत जड आठवण या कोरड्या विषयाचीच आहे. ती आठवण मी आजवर चारचौघींत सांगितलेली नाही. आज सांगते.

साल होते १९९४. मी नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका होते. आमची शाळा अकराला भरे. पावणेअकराला प्रार्थनेची घंटा होई. घंटा झाली की शिपाईमामा फाटक लावून घेत, आणि पाळीपाळीने एक शिक्षक फाटकावर उभा राही. उशिरा येणाऱ्यास परत पाठवायचे आणि "उद्या पालकांना घेऊन ये" असे सांगायचे, हा नियम. नियम चांगल्या हेतूने केलेला होता. गावातली मुले उगाच स्टँडवर रेंगाळत, त्यांना वळण लागावे म्हणून.

माझ्या वर्गात कृष्णाकाठच्या एका वाडीतून एक मुलगी येत असे. तिचे नाव सांगत नाही. आज ती चार माणसांतली बाई आहे. सकाळी पाणी भरायचे, धाकट्या भावंडांचे करायचे, मग एस. टी. गाठायची. त्या आठवड्यात एस. टी. दोन दिवस उशिरा आली. पहिल्या दिवशी दुसऱ्या बाई फाटकावर होत्या. त्यांनी ताकीद देऊन आत सोडले. दुसऱ्या दिवशी मी होते. मी नियमाप्रमाणे म्हटले, "उद्या आईला घेऊन ये." ती काही बोलली नाही. मान खाली घालून परत वळली. माझ्या मनाला तेव्हा काहीही लागले नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हजेरीपटावर मी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत गेले. पंधरा दिवस झाले, महिना झाला. कचेरीतून भाऊसाहेबांनी विचारणा केली, तेव्हा मी शेरा लिहिला, "सतत गैरहजर." खाली सही केली. पटावरून तिचे नाव कमी झाले. सारे नियमाला धरून झाले. कोणी मला बोल लावला नाही.

चार महिन्यांनी बाजाराच्या दिवशी तिची आई मला भेटली. भाजीची पाटी खाली ठेवून तिने मला नमस्कार केला. मी विचारले, "अहो, मुलगी का येत नाही?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाई, तुम्हीच काढलं न्हवं तिला? आयला घिऊन ये म्हनलासा. मला कुठली सवड? खाडा झाला तर मजुरी जाती. मी म्हनलं, शाळंचा नियम आसंल. नियमाफुडं आपून काय बोलायचं?"

पुढच्या वैशाखात त्या मुलीचे लग्न लावून दिले.

भगिनींनो, मला त्या दिवशी बाजारात उभ्या उभ्या घाम फुटला. मी तिला काढले नव्हते. एका दिवसापुरते परत पाठवले होते. परंतु त्या माउलीने विचारले नाही, की "हा नियम म्हणजे नेमके काय?" आणि मीही विचारले नाही, की "पोर का येत नाही?" दोघी नियमाचा मान राखत बसलो, आणि मधल्या मध्ये मुलीची शाळा सुटली. दोष वाटायचा झाला तर मोठा वाटा माझा. कारण ती अशिक्षित होती आणि मी पगार घेत होते.

तेव्हापासून माझी एक समजूत पक्की झाली आहे. शाळेचा नियम वाईट नसतो. न विचारलेला नियम वाईट असतो. एवढे एकच सांगण्यासाठी मी आज येथे उभी आहे. बाकी जे सांगेन ते आपल्याला विचारता यावे म्हणून.

आता आपण दरवर्षी जूनमध्ये काय करतो ते पाहू. मूल पाचवीत किंवा आठवीत हायस्कुलात जाते. प्रवेशाच्या अर्जाबरोबर एक कागद मिळतो, त्यावर बारीक टाइपात नियम असतात आणि खाली "पालकाची सही" अशी रेघ असते. आपण सही कोठे करायची एवढेच पाहतो. कित्येक घरी तर मूलच म्हणते, "आई, इथे कर," आणि आपण कणकेचा हात पदराला पुसून सही ठोकतो. बँकेच्या कागदावर सही करताना आपण चार जणांना विचारतो. मुलाच्या कागदावर मात्र कोणालाच नाही.

त्या कागदावर साधारण कोणत्या गोष्टी असतात ते मी क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट हजेरीची. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. म्हणजे शाळा शंभर दिवस भरली तर पंचाहत्तर दिवस मूल वर्गात दिसले पाहिजे. पंचवीस दिवस ही काही लहानसहान मोकळीक नव्हे. परंतु ती कशी संपते ते पाहा. मामाचे लग्न चार दिवस, गावची जत्रा तीन दिवस, आजी आजारी म्हणून घर सांभाळायला आठवडाभर, सुगीला पुन्हा आठवडाभर. मुलगी असेल तर महिन्याचे दोन-तीन दिवस आणखी. हिशेब केलात तर पंचवीस केव्हाच ओलांडले. मुलगा घरी राहिला तर आपण त्याला विचारतो, "का रे, शाळा नाही?" मुलगी राहिली तर आपल्याला बरेच वाटते, कारण तिचा हाताशी उपयोग होतो. हे कटू आहे, पण पस्तीस वर्षांचे हजेरीपट मी पाहिले आहेत.

खरे आजारपण असेल तर घाबरू नये. डॉक्टरांचा दाखला जोडून शाळेत वेळेवर अर्ज द्यावा. हजेरीत सूट मागण्याची वाट शाळेमार्फतच जाते. मात्र फेब्रुवारीत डोळे पुसत येऊन उपयोग नसतो. आजारपण ज्या आठवड्यात झाले त्याच आठवड्यात चिठ्ठी गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट नावाची आणि जन्मतारखेची. आपल्यापैकी कितीजणींचा वाढदिवस एक जूनला असतो? हात वर करा बरे. पाहिलेत! एवढ्या बायका एकाच दिवशी कशा जन्मल्या? माझाही वाढदिवस कागदावर एक जूनच आहे. आई सांगे, "तू गौरी-गणपतीत झालीस." परंतु शाळेत घालताना जन्माचा दाखला नव्हता, गुरुजींनी वयाचा अंदाज केला आणि शाळा सुरू होण्याच्या सोयीने एक जून मांडली. आमच्या पिढीतल्या हजारो माणसांची हीच कथा आहे. आम्हाला त्याचे हसू येते. पण निवृत्तीही त्याच तारखेवर झाली, हेही खरे.

आज जन्माचा दाखला घरोघरी असतो, तरी चुका होतातच. शाळेत जनरल रजिस्टर नावाचे एक मोठे पुस्तक असते. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात जशी लिहिली जाते तशीच ती पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते, आणि तो दाखला जन्मभर साथ करतो. एक वेलांटी चुकली तर जातीच्या दाखल्याला, शिष्यवृत्तीला, बँकेच्या खात्याला अडते. मूल शाळेत आहे तोवर पुराव्यासह अर्ज करून चूक दुरुस्त होते; दाखला घेऊन मूल बाहेर पडले की तेच काम फार जिकिरीचे होते. म्हणून प्रवेश झाल्यावर एकदा कचेरीत जाऊन म्हणावे, "भाऊसाहेब, माझ्या मुलीची नोंद जरा वाचून दाखवा." हे विचारायला लाजू नये. भाऊसाहेब कपाळाला आठ्या घालतील, पण वाचतील.

याच ओघात एक आनंदाची गोष्ट. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत आपल्या राज्याने सरकारी कागदपत्रांवर प्रथम मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे. ती मुले हायस्कुलात येतील तेव्हा हजेरीत आईचे नाव रोज घेतले जाईल. पण नाव कागदावर आले आणि आई शाळेत आलीच नाही, असे मात्र होऊ नये.

तिसरी गोष्ट वागणुकीची. गणवेश, वेळ, मोबाइल वर्गात न वापरणे, शाळेच्या वस्तूंची नासधूस न करणे, परीक्षेत नक्कल न करणे हे सारे आपल्याला ठाऊकच आहे. घरात आपण तिन्हीसांजेला घरी यायला सांगतो, जेवताना ताटावरून उठू नको म्हणतो. तसेच हे शाळेचे वळण. ते मुलांनी पाळलेच पाहिजे, आणि शिक्षकाने रागे भरले की आपण लगेच शाळेवर चाल करून जाऊ नये.

परंतु ह्या वळणाला एक हद्द आहे, ती ठाऊक हवी. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात मुलाला शारीरिक शिक्षा देणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हीला बंदी आहे. आमच्या वेळी छडी ही शिक्षकाची खूणच मानली जाई. मीही हातावर छड्या मारलेल्या आहेत. आज त्याचे समर्थन करणार नाही. "मार बसला तरच शिकेल, बाई, हाडं आमची नि कातडं तुमचं," असे म्हणणाऱ्या आया मला भेटल्या आहेत. तसे म्हणू नये. आपण परवानगी दिली म्हणून कायदा बदलत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट मुलींच्या, आणि मुलांच्याही, सुरक्षिततेची. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ साली स्वतंत्र कायदा झाला. शाळेत तक्रारपेटी असावी, आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती असावी, असे शासनाने सांगितले आहे. ही समिती २०२२ साली ठरली. आपल्या शाळेत पेटी कोठे लावली आहे? ती मुख्याध्यापकांच्या दाराशी सर्वांच्या नजरेखाली टांगली असेल तर कोणती मुलगी तीत चिठ्ठी टाकील? आईने एकदा जाऊन हे डोळ्यांनी पाहावे. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक मुलांना पाढ्यासारखा पाठ करून द्यावा. बोलायला अवघड वाटते हे मला कळते. परंतु आपण घरात बोललो नाही तर मूल कोणाशी बोलणार?

झाले नियम. आता शाळा आपल्याला काय देते ते पाहू. कारण नियम कानावर पडतात, सवलती मात्र पडत नाहीत.

आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचे जेवण आहे. पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. मुलींना बारावीपर्यंत शिक्षणाची फी नाही. खेड्यातून येणाऱ्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एस. टी.चा मोफत पास आहे. त्याला अहिल्याबाई होळकरांचे नाव दिलेले आहे. मुलग्यांनाही पासात मोठी सवलत मिळते. यांपैकी कोणतीही गोष्ट उपकार नव्हे. तो आपला हक्क आहे. मात्र पासासाठी शाळेचा दाखला वेळेवर मागावा लागतो. जून उलटला तरी तिकीट काढून जाणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. का, तर आईला माहीत नाही, आणि मुलीला विचारायची लाज वाटते.

आणखी एक फार उपयोगाची गोष्ट. आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांच्या शिष्यवृत्तीची एक परीक्षा होते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुले तिला बसू शकतात. घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि सातवीत पुरेसे गुण हवेत. निवड झाली आणि पुढे मूल गुण राखीत गेले, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार झाले. एवढ्या पैशांवर कितीतरी मुलींची लग्ने पुढे ढकलली गेलेली मी पाहिली आहेत, कारण शिकणारी मुलगी घराला जड वाटेनाशी होते. आठवीचे वर्ष लागले की शाळेत जाऊन विचारा, "या परीक्षेचा अर्ज केव्हा भरायचा?" मुलाला सांगू नका, स्वतः विचारा.

सवलती सांगताना मी "आठवीपर्यंत", "आठवीपर्यंत" असे म्हणत गेले, हे आपल्या लक्षात आले असेल. शिक्षणाच्या हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. त्या काळात कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पाचवीच्या आणि आठवीच्या परीक्षेत नापास झाले तर फेरपरीक्षा असते, तीतही न जमल्यास त्याच वर्गात बसावे लागते. २०२३ पासून आपल्या राज्यात असा नियम आहे. पण शाळेबाहेर मात्र काढता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, दुसऱ्या गावाहून दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु नववीत गेल्यावर कायद्याचा हा हात सुटतो. दुपारचे जेवण थांबते, मोफत पुस्तके थांबतात. आणि नेमके त्याच वर्षी गणित अवघड होते, मुलगी अंगाने मोठी दिसू लागते, नात्यातले लोक "कुठवर शिकवणार?" म्हणून विचारू लागतात. माझी ती १९९४ सालची मुलगी नववीतच होती. आजचा कायदा तेव्हा असता तरी तो तिच्यापर्यंत पोचला नसता. म्हणून म्हणते, जेथे कायद्याचा हात सुटतो तेथे आईचा हात घट्ट हवा, आणि बाईंचाही. नववीच्या वर्षी शाळेत जास्तीत जास्त फेऱ्या मारा. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करणे हा गुन्हा आहे, हे तर आपण सर्वजणी जाणतोच. परंतु पुष्कळदा लग्नाआधी शाळा सुटलेली असते. शाळा सुटली की घरची माणसे म्हणतात, "नाहीतरी घरीच आहे."

दहावीत गुण कमी पडले किंवा मूल नापास झाले तर आकाश कोसळले असे मानू नये. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यापावसाळ्यात घेतली जाते. वर्ष वाया जात नाही. काही कारणाने शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. आपल्या मंडळातही अशा भगिनी असतील, ज्यांची दहावी राहून गेली. त्यांनीही याचा विचार करावा. मी हे उगाच म्हणत नाही.

आता शेवटी शाळेच्या अपेक्षा. मी शिक्षिका होते, तेव्हा आमच्या मनात काय असे ते सांगते. आम्हाला देणगी नको असते, तिळगूळ नको असतो. आम्हाला तीन गोष्टी हव्या असतात. मूल येणार नसेल तर निरोप. घरात काही दुःख, आजार, भांडण असेल तर कानावर एक शब्द. आणि पालकसभेला आई. सभेला बहुतेक बाप येतात, किंवा कोणीच येत नाही. बाप आले तरी उत्तमच, परंतु मूल रात्री कोठे अभ्यासाला बसते, सकाळी काय खाऊन निघते, हे बापाला विचारले तर ते म्हणतात, "तिच्या आईला ठाऊक."

हल्ली शाळेचे निरोप मोबाइलवर येतात. फार सोयीचे झाले. पण आपण शाळेत नंबर कोणाचा दिला आहे? मुलाच्या वडिलांचा. वडील पुण्याला कंपनीत, पाळीवर. निरोप तेथे जातो, वाचला जातो की नाही देव जाणे, आणि आईला दुसऱ्या दिवशी कळते की काल सभा होऊन गेली. आज घरी गेल्यावर एवढे करा: शाळेला आपलाही नंबर द्या.

आणखी एक. कायद्याने शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत पाऊण सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. म्हणजे आपल्यासाठी खुर्च्या मांडून ठेवलेल्या आहेत. त्यांवर कोण बसते? पुष्कळ ठिकाणी नाव बाईचे आणि सही तिच्या घरी जाऊन आणलेली. मुख्याध्यापिका असताना अशा घरपोच सह्यांना मीही काही वर्षे हरकत घेतली नाही. पुढे ती पद्धत बंद केली. त्यानंतर ज्या बायका खरोखर सभेला येऊ लागल्या, त्यांनी पहिल्याच वर्षी विचारले, "मुलींच्या संडासात पाणी का नाही?" इतकी वर्षे आम्ही शिक्षक तेथेच वावरत होतो, हा प्रश्न सभेत कोणी काढला नव्हता. महिन्याभरात नळ आला. महिन्याचे ते दोन-तीन दिवस घरी राहणाऱ्या मुली हळूहळू शाळेत दिसू लागल्या. हजेरीचा नियम पूर्वीचाच होता. त्याला पाण्याची जोड मिळाली, एवढाच फरक.

आता त्या मुलीची पुढची हकीकत सांगते आणि थांबते.

बाजारातल्या त्या भेटीनंतर मी शिक्षकांच्या सभेत हा विषय काढला. एकदम काही झाले नाही. "फाटक उघडे ठेवले तर शिस्त कशी राहील?" असे सगळे म्हणाले. वर्षभर वाद चालला. अखेरीस ठरले, की उशिरा आलेल्या मुलाला आत घ्यायचे, उशिराच्या वहीत कारण लिहून घ्यायचे, आणि लागोपाठ तीन दिवस मूल दिसले नाही तर वर्गशिक्षकाने घरी निरोप धाडायचा. शिस्त काही बिघडली नाही.

२०११ च्या जूनमध्ये एक बाई मुलीला पाचवीत घालायला माझ्यासमोर आली. मी तिला ओळखले नाही. तिने नियमांचा कागद घेतला, चष्मा नव्हता म्हणून हात लांब धरून एकेक ओळ वाचली. मग मला विचारले, "बाई, उशीर झाला तर आईला घेऊन यायचं, हा नियम अजून हाय का?"

मी मान वर केली आणि मग ओळखले. मला बोलवेना. म्हटले, "नाही. तुझ्यामुळे बदलला." ती थोडा वेळ गप्प राहिली. "मग बरं झालं," म्हणाली, आणि सही केली. स्वच्छ, ठसठशीत अक्षरात केलेली ती सही मला अजून दिसते. २०१७ साली तिची मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. पेढे द्यायला दोघी आल्या होत्या. बरोबर आजीही होती, तीच भाजीची पाटीवाली. आजी म्हणाली, "बाई, तवा मी इचारलं न्हाई." मी म्हटले, "आजी, मीही विचारले नाही."

भगिनींनो, या मंडळाने इतकी वर्षे हळदीकुंकू केले, भजनाचे वर्ग चालवले, अडल्यानडल्याला मदत केली. माझी एक विनंती आहे. दरवर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक संध्याकाळ राखून ठेवा. प्रत्येकीने आपापल्या शाळेचा नियमांचा कागद आणावा. जिला वाचता येते तिने मोठ्याने वाचावा, जिला येत नाही तिने ऐकावा, आणि जे कळले नाही ते एका वहीत लिहून मंडळाच्या दोघीतिघींनी शाळेत जाऊन विचारावे. मग घरी जाऊन सही करावी. याला पैसा लागत नाही. चहा लागेल, त्याचा खर्च पहिल्या वर्षी माझ्याकडे.